फरशी पुसू नये

आमच्या घरात मामा ही बाई आहे आणि बाबासुद्धा बाईच. रशियन भाषेत आईला मामा म्हणतात आणि पोरं आजीला बाबा म्हणतात, त्याला मी काय करणार! लग्नानंतर मी सासूबाईंना पहिल्यांदा "मामा, चहा घेता?" असं विचारलं, तेव्हा पुण्याहून आईचा फोन चालू होता. "अगं, कुठले मामा आलेत ब्रिस्टलला? मला कुणी बोललं नाही ते," म्हणाली. आमची मुलगी माझ्याशी मराठीत बोलते तेव्हा बाबा म्हणजे तिचा बाप. आजीशी रशियनमध्ये बोलते तेव्हा बाबा म्हणजे आजी आणि बाप म्हणजे पापा. कुठली भाषा चालू आहे त्यावरून कळतं. एकदाच कळलं नाही, आणि तेव्हा माझा प्राण जायचा तेवढा राहिला.

सासूबाई आमच्याजवळच राहतात. नवरा शाळकरी असताना त्याला घेऊन त्या या देशात आल्या. इंग्रजी अजून मोडकंतोडकंच, पण स्वच्छता अशी की माझी आईसुद्धा गार पडावी. खालचं सगळं कार्पेट काढायला लावलं आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांवर बसून फरशी पुसतात. मॉप म्हणजे म्हणे आळशी लोकांचं काम. मुलीचं कुणी कौतुक केलं की डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू. उंबरठ्यावर उभं राहून काही द्यायचं-घ्यायचं नाही. मला हे सगळं माहेरचंच वाटायचं. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या पोह्यांवर कोथिंबिरीऐवजी कच्चा शेपू पेरला तेव्हा मात्र मी रडले होते. आता मीच पेरते.

तर गेल्या वर्षी नवऱ्याची आजी, म्हणजे सासूबाईंची आई, तिकडे रशियात अंथरुणाला खिळली. याला लहानपणी तिनेच वाढवलेलं. तिची शेजारीण फोनवर म्हणाली, म्हातारी सारखं नातवाचं नाव घेते. सासूबाई जाऊ शकत नव्हत्या. युद्ध सुरू झालं तेव्हा त्या लंडनला रशियन वकिलातीसमोर हातात युद्धाविरुद्धची पाटी धरून उभ्या राहिल्या होत्या आणि तो फोटो सगळीकडे फिरला होता. विमानातून उतरल्या असत्या तर तिथूनच त्यांना उचललं असतं.

"मी जातो," नवरा म्हणाला.

"डोंबल तुझं!" मी म्हटलं. "चाळिशीही झाली नाही तुझी. तिकडच्या हिशोबाने तू त्यांचाच माणूस, त्यांचा लाल पासपोर्ट आहे तुझ्याकडे. तुझ्या हातात बंदूक दिली तर कुणाकडे दाद मागू मी? इथल्या कौन्सिलकडे?"

तो ऐकून घेत राहिला. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलणं टाकलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. जा म्हणाल्या नाहीत, आणि जाऊ नको असंही म्हणाल्या नाहीत, आणि त्याचाच मला खरा संताप आला. पोटच्या पोराला वाघाच्या तोंडी देताना ही बाई गप्प कशी राहू शकते? मला भीती वाटत होती. मीटिंगमध्ये लोक बोलायचे आणि मला फक्त विमानतळावरचा एक काउंटर दिसायचा.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. मुलगी बुटांच्या बाकावर, नवरा सुटकेसवर, मी जिन्याच्या पायरीवर. मग सगळे उठलो आणि मी माझी रीत काढली, त्याच्या हातावर दही ठेवलं. निम्मं दही त्याच्या तळव्यावर पडलं, निम्मं दारातल्या फरशीवर. त्याने तळवा चाटला, मुलीच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि म्हणाला, "चल, जातो."

"येतो म्हण!" मी केवढ्याने ओरडले. शेजारची बाई खिडकीत आली.

"येतो. येतो गं बाई," तो हसून म्हणाला आणि टॅक्सीत बसला.

दार लावून वळले तर सासूबाई त्या सांडलेल्या दह्याकडे बघत उभ्या. मला वाटलं, आता फडकं आणतील. त्या दह्याला वळसा घालून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दही वाळून त्याचा पांढरा पोपडा झाला, मुलीच्या शाळेच्या बुटांची माती आली, पावाचा चुरा पडला. दिवसातून दोनदा फरशी पुसणारी बाई फडक्याला हात लावेना! मलाही पुसता येईना, कारण माझ्या आईने घोकून घेतलेलं वाक्य कानात होतं: माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढू नये, फरशी पुसू नये. ते माणूस कायमचं नेल्यावर करतात. मी हसायचे या सगळ्याला. आता हसायची हिंमत नव्हती.

शेवटी मीच विचारलं, "मामा, फरशी?"

"तो पोचून परत येईपर्यंत नाही," त्या म्हणाल्या. "पुसलं की वाट पुसली जाते. मग माणसाला घर सापडत नाही."

"आमच्यातही हेच आहे," मी म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला आणि लगेच सोडला. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या डागाला वळसा घालून चालायला लागलो.

तो पोचला. इस्तंबूलवरून गेला, रशियात उतरल्यावर दोन तास बसवून ठेवलं, फोन उघडून बघितला, मग सोडलं. आजीने त्याला ओळखलं, त्याच्या हातून सूप प्यायली. त्याचे मेसेज यायचे ते जेवणाचे आणि हवेचे. बाकी काही लिहायचं नाही असं ठरलं होतं. मी प्रत्येक मेसेज दहा-दहा वेळा वाचायचे. एकदा 'ओके' लिहिण्याऐवजी त्याने नुसता अंगठा पाठवला तर माझी पाचावर धारण बसली. त्याचा फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात असला तर? मन चिंती ते वैरी न चिंती.

परत निघायच्या दिवशी 'एअरपोर्टला पोचलो' असा मेसेज आला, आणि मग काहीच नाही. इस्तंबूलला उतरायची वेळ टळून गेली. पुढचं विमानही लंडनला उतरलं असणार. फोन बंद. एअरलाइनवाले म्हणाले, प्रवाशाची माहिती देता येत नाही. मला त्या दिवशी ऑफिसला जावंच लागलं होतं, म्हणजे गेले नसते तरी चाललं असतं, पण घरात भिंती खायला उठत होत्या. स्क्रीनकडे बघत बसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने बरं वाटत नाही का विचारलं, तर त्याच्यावर खेकसले.

दुपारी शाळा सुटल्यावर मुलीने आजीच्या टॅबलेटवरून फोन केला.

"आई, बाबा दारात बसलाय. बाबा रडतोय. बूट नाही काढत."

"आला? बाबा आला?" मी किंचाळले.

"बाबा दारात बसलाय," ती म्हणाली, आणि टॅबलेट बहुतेक हातातून पडला.

मी कोट तिथेच टाकून पळाले. बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडत होते, हसतही होते. एक म्हातारे गृहस्थ उठून मला जागा द्यायला लागले. आला, आला, आला! घरापाशी पोचले, दार उघडंच होतं. आत बुटांच्या बाकावर कोट घालून, पायात बूट घालून सासूबाई बसल्या होत्या. मुलीला शाळेतून आणलं आणि तिथेच बसून राहिल्या होत्या. आठवडाभर आजीशी रशियन बोलून पोरीच्या तोंडात बाबा म्हणजे आजीच बसलं होतं, आणि बसलाय-बसलीय हे तिचं कधीच जमत नाही. तिची चूक नव्हती. पण मी त्या मळक्या फरशीवरच बसले आणि लहान पोरासारखी हंबरडा फोडून रडले.

"काही कळलं का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. मग त्या बाकावरून खाली सरकल्या आणि माझ्याजवळ बसल्या. दोघींच्या मधे तो दह्याचा डाग. मुलीने येऊन आमच्या दोघींवर आपलं जॅकेट पांघरलं. मी मनात म्हणत होते, एवढा एकदा घरी येऊ दे, मी पुन्हा कधी भांडणार नाही. खोटंच होतं ते, पण तेव्हा खरं वाटत होतं.

संध्याकाळी कुणा अनोळखी नंबरवरून फोन आला. इस्तंबूलहून. त्याला निघताना पुन्हा अडवलं होतं, विमान चुकलं होतं, फोन त्यांनी ठेवून घेतला होता. "येतोय," तो मराठीत म्हणाला. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला आधी दोन धपाटे घातले आणि मग मिठी मारली. सासूबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "आजीने खाल्लं का रे?"

आता फरशी पुसतील असं मला वाटलं. पुसली नाही. दोन दिवस गेले. मी चिडले. अहो, आला ना तो! धडधाकट परत आला, पायाला घाण चिकटतेय, कसला हट्ट हा? मी स्वतःच बादली भरली. त्यांनी येऊन बादलीच्या कडीवर हात ठेवला.

"तिकडे आई अजून आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यात माणूस घरातून नेलं की फरशी धुतात. मी आज पुसली तर मीच तिला वाटेला लावल्यासारखं होईल."

मी बादली ओतून दिली. इतके दिवस मला वाटत होतं की त्या डागाला आम्ही दोघी एकाच माणसासाठी वळसा घालतोय. माझ्या भीतीत मी एकटीच बायको होते, आणि ही बाई कुणाची तरी लेक आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी आजीच्या शेजारणीचा फोन आला. सासूबाईंनी ऐकलं, "हो, हो" म्हणाल्या, फोन ठेवला. नवरा रडत रडत त्यांच्या पायाशी बसला. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "मुलीला शाळेतून आण. आत्ताच आण."

मी जाऊन तिला घेऊन आले. नवरा ऑफिसला जाणार नव्हताच. सासूबाईंनी दार आतून लावलं, कडी ओढून पाहिली. बादलीत गरम पाणी घेतलं, स्वयंपाकघराच्या पार मागच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या. तिथून दारापर्यंत पुसत यायचं होतं, शेवटी त्या डागापर्यंत. फडकं हातात घेतलं आणि थांबल्या.

"कुणी बाहेर नाही ना?" त्यांनी विचारलं. "सगळे आत आहेत?"

नवरा जिन्यावर होता, मुलगी माझ्या कडेवर होती. तरी मी एकदा वळून पाहिलं.

"हो मामा," मी म्हटलं. "सगळे आत आहेत."

मग त्यांनी फडकं ओलं केलं.