तातडीकाकांचं तुंबलेलं टपाल

सकाळचे साडेसहा होत आले होते आणि तातडीकाका एका पायात मोजा चढवून दुसरा पलंगाखाली शोधत होते. काकूंनी टेबलावर चहा ठेवला, टोस्टला लोणी फासलं आणि रोजचं वाक्य हवेत सोडून दिलं, "निदान बसून तरी प्या." ते ऐकण्यासाठी नसतंच, हे एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं.

काका टपालगाडी चालवायचे. महत्त्वाच्या पाकिटावर 'तातडी' असा लाल शिक्का मारतात ना, तो शिक्का जन्मतःच यांच्या कपाळावर बसला होता, असं कचेरीतले लोक म्हणायचे. म्हणून ते तातडीकाका. जेवण उभ्याने, दाढी अर्धी, आणि स्कूटर सुरू करून मग हेल्मेट शोधायचं. सातच्या आत कचेरीत पोचून आपली गाडी स्वतः भरली नाही, तर त्यांना दिवसभर चुकल्यासारखं वाटे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात एक पांढऱ्या केसांच्या, ताठ बाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. काकूंनी त्यांना ओळखलं. चार वर्षांपूर्वी सोडलेल्या जुन्या घरात आता या निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या.

"तुमचं टपाल आणलंय," बाई म्हणाल्या. "मी पाच महिने लेकीकडे होते. काल परतले तर दारच उघडेना. मागे पाकिटांचा ढीग. त्यातली चार तुमची."

"माझं टपाल? जुन्या पत्त्यावर?" काकांचा चेहरा असा झाला, जसं शिंप्याला भर रस्त्यात कुणी सांगावं, तुमचं बटण तुटलंय.

"मी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही. पण पाठवणाऱ्याचं नाव बाहेरच असतं. चारही परवाना कार्यालयाची आहेत."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. घर बदलल्या बदलल्या त्यांनी स्वतःच्या परवान्यावरचा पत्ता बदलून घेतला होता आणि यांच्या मागेही लकडा लावला होता. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "अगं, त्या गल्लीचं टपाल कुणाच्या हातातून जातं? माझ्याच ना! माझं पाकीट दिसलं की घातलं खिशात. पत्ता कशाला बदलायचा?" आणि खरोखरच तीन वर्षं त्यांचं टपाल असं खिशातून घरी येत होतं. गेल्या वर्षी मात्र फेऱ्यांची वाटणी बदलली आणि जुनी गल्ली एका नव्या पोरीकडे गेली. पोरगी कामाला चोख. पाकिटावर जो पत्ता असेल तिथे टपाल टाकायचं, एवढंच तिला ठाऊक. काकांना कधी वाटलं नाही की आपलं टपाल अचानक आटलंय. उलट, "हल्ली कुणाचं काही येत नाही, मजा आहे," असं ते म्हणायचे.

पाकिटं टेबलावर फोडली गेली. पहिल्या तिन्हीत एकेक फोटो आणि वेग जास्त असल्याची नोटीस. तोच कोपरा, तीच स्कूटर, आणि तिन्ही फोटोंवर वेळ एकच, सहा बावन्न.

"वक्तशीर आहात," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

काकूंनी तिसरा फोटो खिडकीशी नेऊन न्याहाळला. "अहो, हे माझं जांभळं हेल्मेट! मी अख्खं घर पालथं घातलं! आणि तोंड का उघडंय? गाताय?"

"जांभई असेल."

"जांभई देताना कुणी भुवया उडवत नाही. छान आलाय. मोठा करून घेऊ."

तिसऱ्या नोटिशीत आणखी एक ओळ होती: वर्षात तिसरी वेळ आहे, तरी आपली बाजू मांडायला हजर राहा. ती तारीख कधीच उलटून गेली होती. चौथं पाकीट पातळ होतं. त्यात फोटो नव्हता. हजर न राहिल्यामुळे परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित. गेल्या एक तारखेपासून.

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. आज वीस तारीख. एकोणीस दिवस हा माणूस परवाना नसल्यासारखाच गाडी हाकत होता, स्कूटरही आणि सरकारी टपालगाडीही. त्यांच्या हसण्याला एकदम लगाम बसला.

"पण मला माहीतच नव्हतं!" काका म्हणाले.

"तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच त्यांनी पाठवलं," बाई म्हणाल्या. "आणि माहीत नव्हतं, हे सहा चाळीसपर्यंत खरं होतं. आता पावणेसात झालेत."

"आजचा एकच दिवस. गाडी भरायचीय. उद्या नक्की जातो कार्यालयात."

काकूंनी स्कूटरची किल्ली उचलली आणि पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरली. "आज अडवलं तर तीन महिन्यांचं कायमचं होऊन बसेल. कुणाला धक्का लागला तर विमावाले हात वर करतील. टपालगाडी जाईल ती जाईलच. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. चालत जा, आणि साहेबांना आधी तुम्हीच सांगा."

"ही चारही पाकिटं, परवाना आणि या घराच्या पत्त्याचा पुरावा, सगळं बरोबर ठेवा," मुख्याध्यापिकांनी गृहपाठ दिला आणि पिशवी झटकून त्या निघून गेल्या.

काका आयुष्यात पहिल्यांदा चालत कामावर गेले. वीस मिनिटं उशीर झाला, तर कचेरीत सगळ्यांना वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. साहेबांनी आदेश दोनदा वाचला. "तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून वाचलात. वर कळवावं मला लागेलच, पण तेही लिहीन. तोवर टपाल वेगळं करायला बसा. परवाना हातात घेऊन ज्या सोमवारी याल असं तुम्ही सांगाल, त्या सोमवारपर्यंत गाडी राखून ठेवतो. नाही आलात, तर मंगळवारी ती नव्या पोरीची."

दुपारी नवराबायको परवाना कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहिले. आतल्या कारकून बाईंनी सांगितलं, अपील करायला अजून अकरा दिवस आहेत, करायचं असेल तर लेखी करा. काकांची छाती फुगली. "करणार! कॅमेरा बिघडला असेल!"

"तीनदा?" काकू कानात पुटपुटल्या. "हेल्मेटचा रंग बरोबर टिपला त्यानं."

छाती उतरली. काकांनी परवाना जमा केला. पावती मिळाली, आणि तिच्यासोबत ताकीद, की या पावतीवर गाडी चालवता येत नाही. तीन महिने आजपासून धरणार. म्हणजे मधले एकोणीस दिवस पाण्यात गेले. मुदत संपायच्या आत एका दिवसाचा वाहतुकीचा वर्ग करायचा. आणि पत्ता बदलायचा अर्ज काकूंनी उभ्याउभ्या भरून त्यांच्यासमोर सहीला सरकवला.

त्या तीन महिन्यांत काका टपाल वेगळं करता करता दहा वेळा खिडकीतून आपल्या गाडीकडे बघायचे. नवी पोरगी ती रोज पुसून ठेवायची.

वर्गाच्या दिवशी काकूंनी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. डोक्यावर अर्थातच जांभळं हेल्मेट. काका मागून पायांनी नसलेला ब्रेक दाबत होते. त्या कोपऱ्यावर काकूंनी मुद्दाम वेग आणखी कमी केला. "हसा. फोटो निघतोय."

"एवढ्या हळू चालवल्यावर निघत नाही," काका कडवटपणे म्हणाले.

परत येताना मात्र ते मान वळवून रस्त्याच्या कडेला बघत होते. त्याच कोपऱ्यावर म्हणाले, "इथं बालवाडी आहे. तुला माहीत होतं?"

"फाटकावर मोठा हत्ती रंगवलाय, अहो."

"मला कधी दिसलाच नाही." मग बराच वेळ त्यांनी ब्रेक दाबला नाही.

तीन महिने भरले त्या दिवशी शुक्रवार होता. साहेबांना त्यांनी येत्या सोमवारचाच शब्द दिला होता. काका काकूंना घेऊन खिडकीशी गेले, आणि चक्क रांगेतल्या दोन माणसांना आपल्या पुढे जाऊ दिलं. कारकून बाईंनी कागद तपासले. वर्गाचं प्रमाणपत्र आहे, दंड भरलाय, पत्ता बदललाय. "झालं तुमचं. परवाना आठवड्याभरात घरी येईल. टपालानं."

काकूंनी ओठ घट्ट मिटले. आता हसलं तर हा माणूस रडेल, असं त्यांना वाटलं.

सव्वीस वर्षं लोकांच्या दारात टपाल टाकणाऱ्या काकांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं आणि खिडकीत वाकले.

"बाई, एवढं एकच करा. टपालानं पाठवू नका. हातात द्या."