मामांची उजेडाची पट्टी

ज्याच्या अंगाला आमच्या मामांनी कधी काही चिकटवलं नाही, असा माणूस आमच्या नात्यागोत्यात शोधूनही सापडायचा नाही. मामा जालन्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मामींची नजर काचबिंदूनं गेली आणि मामांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, कशीही वाकणारी एक पट्टी बनवायचं मनावर घेतलं. तिला ना सेल, ना चार्जिंग. उजेड पडला की तिच्यातच वीज तयार व्हायची आणि खालच्या कातडीला हलकी गुदगुली करायची. जिथं सावली पडेल, तेवढ्या जागची गुदगुली थांबायची. "बघायला फक्त डोळेच कशाला पाह्यजेत?" मामा म्हणायचे. "एवढं अंग नुसतंच पडून राह्यलंय की."

पट्टी काही केल्या मनासारखी होईना, आणि मामा काही चाचण्या थांबवेनात. पाहुण्याच्या एका हातात चहाचा कप गेला, की दुसरा हात मामांच्या ताब्यात. राजूरला माझं लग्न झालं, तेव्हा हळदीच्या गडबडीत त्यांनी माझ्याच मनगटाला एक चिकटवली. मंगलाष्टकं चालू असताना फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की माझा हात उडायचा. शेवटी भटजींनी हळूच विचारलं, "नवरदेव, घाबरून राह्यले का?" मामा मात्र मांडवभर सांगत फिरले, "बिलकुल बराबर चालली."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकदा सकाळीच त्यांच्याकडे गेल्तो. मामी अंगणात उन्हाला बसल्या होत्या, कपाळावर नवी पट्टी. मामा अनवाणी, पाऊल न वाजवता त्यांच्यासमोरून गेले.

"कोण गेलं हो, इकडून तिकडं?" मामींनी विचारलं.

मामा तसेच मागे फिरले.

"मंग परत आलात," मामी म्हणाल्या.

मामा त्यांच्या पायाशी येऊन बसले. मामींनी चाचपत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी चहाच्या निमित्तानं आत गेलो.

ती पट्टी उन्हाळ्यात घामानं खराब झाली. तशी पुन्हा साधली नाही. रिटायर झाल्यावरही मामा नव्या नव्या पट्ट्या करतात, मामींच्या कपाळाला लावतात आणि समोर जाऊन उभे राहतात. "आलात," मामी म्हणतात, आणि मामांचा दिवस चांगला जातो.

परवा ते आत गेल्यावर मी विचारलं, "मामी, खरंच कळतं?"

"न्हाई रे. गुडघे वाजतात त्यांचे." मामींनी आवाज आणखी खाली आणला. "पण तू सांगू नको. तेवढंच समोर येऊन उभे राहतात."