दमणीची चाकं

यंदा सारंगखेड्याच्या यात्रेला आमची जुनी दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, न्यायचीच असा मी हट्ट धरला. लाकडी चाकं सुकून त्यांच्याभोवतीच्या लोखंडी पट्ट्या, धावा, ढिल्या झालेल्या. लेक म्हणाला, रबरी टायर लावू. मी नाही म्हटलं. नवी नवरी असताना मात्र टायरसाठीच फुगून बसायचे, मोठी महाराणी लागून गेले होते ना! लाकूड फुगावं म्हणून लेकाने जुन्या रीतीने चाकं तापीत भिजत घातली, वर दगड ठेवले. तेवढ्यात खालच्या बंधाऱ्याची दारं बंद झाली आणि पाणी चढलं.

“माय, चाके तर बुडी गयात! आते काय करानं?”

“मन्हा तोंडकडे काय देखस?” मी खेकसले.

यात्रा सुरू झालीय. पाणी उतरायचं नाव नाही. बिनचाकांची दमणी अंगणात विटांवर टेकलेली आहे.