एक्केचाळीस नंबरचं ठाण

युसेबियो बर्गारा हा माणूस घोड्यांपेक्षा हट्टी. त्याच्या घोड्यांना मी अठ्ठावीस वर्षं नाल ठोकले, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे. आमच्या समुद्रकाठच्या रेसकोर्सवर तो मोतद्दार होता. लढाई संपून घोडे परत आले, त्या शेहेचाळीस साली लागला.

जपानशी लढाई चालू असताना इथे घोडे नव्हते, माणसं होती. जपानी घरांतली, पण इथलीच. कुणी मासे विकायचं, कुणी भाजी. आमच्याच सैनिकांनी त्यांना शत्रू ठरवून घरांतून उठवलं आणि शेणावरच चुना फासून घोड्यांच्या ठाणांत कोंबलं. गावात कुणी हे बोलत नाही. मीही बोलायचो नाही, लाज वाटते.

युसेबियोचं भांडण होतं एक्केचाळीस नंबरच्या ठाणाशी. तिथे कुठलाही घोडा बांधा, तो भिंतीची एकच जागा चाटायचा. पोटात कळ येऊन जनावर मरेल, म्हणून हा दर हंगामाआधी तिथे चुन्याचा जाड हात द्यायचा आणि वर बायकोने वाटलेली मिरची फासायचा. पुढच्या साली घोडा मिरचीच्या दोन-तीन बोटं वर चाटायचा. जागा कुठवर आली ते कळावं म्हणून हा दाराच्या खांबावर खिळ्याने रेघ मारून ठेवी.

"काय रे, भिंतीचं लोणचं घालतोस का?" मी चिडवायचो.

"तू आपले नाल ठोक," तो म्हणायचा.

सात-आठ वर्षांनी जागा वर सरकायची थांबली. आम्हीही विसरलो.

चौऱ्याहत्तर साली जुने तबेले पाडायचं ठरलं. आदल्या दुपारी, धुकं दाटलेलं असताना, एक म्हातारी आली. हात्सुए मोरिनागा. तिची लेक मिचिये पाच वर्षांची, बेचाळीस साली त्या एक्केचाळीस नंबरच्या ठाणात तापाने गेली. बापाने भिंतीवर पेन्सिलीने तिची उंची मांडली होती. पोरीचा फोटोसुद्धा उरला नव्हता. "ती रेघ तेवढी बघू द्या," म्हातारी म्हणाली.

युसेबियोचा चेहरा पडला. "बाई, मीच बुजवली असेल हो. दर साली चुना दिलाय."

त्याने खरवडायला घेतलं. घोडे आठवड्यापूर्वीच हलवले होते, तरी चाटायची ती जागा ओली होती. चुन्याचे पापुद्रे पडले आणि त्याच्या कमरेपाशी दोन रेघा दिसल्या.

"ही एप्रिलची. ही जूनची," म्हातारीने बोट ठेवलं. "मग संपलं."

"संपलं नाही, बाई." युसेबियोने तिला हाताला धरून खांबाशी नेलं आणि सगळं सांगितलं, मिरचीसकट. "मूर्ख मी. मला वाटलं, घोड्यांना खोड आहे."

म्हातारी खालच्या रेघेवरून बोट वर नेऊ लागली. "नऊ वर्षांची. दहा. अकरा." शेवटच्या रेघेशी ती थांबली, वळली आणि खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या दोन बोटं वर होती.

"माझ्याहून उंच झाली," ती म्हणाली. "बापावर गेली."