एकदाच वाजणारी बेल

केतकीचा फोन आला तेव्हा मी श्रीधरचा डबा घासत होते. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, त्याने बेसनाचे लाडू आणले होते; त्याच्या हातचे, म्हणजे बशीत ठेवले की बसकण मारणारे. "आत्या, बाबा आज सकाळी उठलेच नाहीत," ती म्हणाली. नळ वाहत राहिला. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? तर डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आता ह्यात काय घालू... माझ्या धाकट्या भावाला नाशिकला नेलं, कारण इथे कतारमध्ये, दोह्यात, आपल्यासारखा अग्नी देण्याची सोय नाही. माझे गुडघे विमानाला तयार नव्हते, मी मागेच राहिले. ह्याला सहा आठवडे झाले. डबा अजून ओट्यावर आहे.

श्रीधर विजेचा इंजिनियर. उमेदीची सगळी वर्षं त्याने इंग्लंडमधल्या एका शहरात काढली. लवकर निवृत्त झाल्यावर तिथल्या पोलिसांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या नागरिकांच्या समितीवर त्याला घेतलं. विजेचा झटका देऊन माणसाला आडवं पाडणारी ती स्टन गन असते ना, ती कधी काढायची, कोणावर चालवायची नाही, किती वेळा चालवायची, ह्याचे नियम पोलिस लिहीत आणि ही साधी माणसं, म्हणजे एक शिक्षिका, एक बेकरीवाला, एक नर्स आणि आमचा शिऱ्या, ते वाचून प्रश्न विचारीत. मी तेव्हा साठीच्या आतली. केस काळेभोर (बाटलीतले), नवऱ्याच्या गॅस कंपनीतल्या हुद्द्याचा तोरा, आणि इथल्या मंडळाच्या हळदीकुंकवात अत्तरदाणी माझ्याच हातात हवी. "माझ्या भावाला विचारल्याशिवाय तिकडचे पोलिस बंदूक उचलत नाहीत हं," असं मी प्रत्येकीच्या मनगटाला अत्तर लावता लावता सांगायचे. एकीने विचारलं, "म्हणजे ते पोलिसात आहेत का?" मी म्हटलं, "पोलिसांच्या वर." वर! ती तेव्हाची बाई, म्हणजे मीच, आज मला भेटली तर त्याच अत्तरदाणीने हाणीन तिला.

लहानपणापासून श्रीधर कुठलीही गोष्ट मला विचारून करायचा. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. त्या शुक्रवारी मंडळाच्या गणपतीचे मोदक माझ्याकडे होते. दोन्ही हात उकडीने माखलेले, फोन खांद्यात धरलेला.

"ताई, नियमांत एक ओळ राहिलीय," तो म्हणाला. "एकदा झटका दिला की थांबायचं. समोरच्याला ऐकू येतंय का, कळतंय का, ते बघायचं. मगच पुन्हा. पोलिस म्हणतात, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवतोच, लिहायला कशाला हवं? बाकीचे कंटाळलेत. मी अडून बसू का?"

"एका ओळीसाठी?"

"पाच सेकंद थांबण्याचा प्रश्न आहे गं."

"मग तर सोडूनच दे. असा अडून बसलास तर पुढच्या वेळी घेतील का तुला समितीवर? सही कर आणि मोकळा हो. यल्ला, चल आता, माझी उकड गार होतेय."

त्याने सही केली. मला त्या ओळीचं काही पडलं नव्हतं, त्याची खुर्ची हवी होती. ती गेली असती तर मी हळदीकुंकवात काय सांगणार होते?

त्याच हिवाळ्यात त्या शहरात एका बसस्टॉपवर एक म्हातारा काठी उगारून कोणावर तरी चिडला होता. पोलिसांनी ओरडून काठी खाली टाकायला सांगितलं. त्याला ऐकू येत नव्हतं. पहिल्या झटक्याने तो पडला. पडल्यावर हात हलला, म्हणून दुसरा. मग तिसरा... तो वाचला नाही. श्रीधरने मला हे फोनवर सांगितलं, अगदी बातमी वाचावी तसं. "तुझ्यामुळे" असं तो म्हणाला नाही, "माझ्यामुळे" असं मी म्हटलं नाही. पुढच्या बैठकीत मात्र तो अडून बसला आणि ती ओळ नियमांत आली. आजही आहे म्हणे. म्हाताऱ्याच्या मागून आलेली.

बायको गेल्यावर श्रीधर केतकीकडे, इथेच दोह्यात अल अझीझियाला, राहायला आला. शुक्रवारी दुपारी साडेचारला तो अल मुंतझाला आमच्या दाराशी असायचा. आणि तेव्हा मला त्याचं वेड कळलं. बेल एकदाच दाबायची. मग हात मागे बांधून, ओठातल्या ओठात पाचपर्यंत मोजत उभं राहायचं. मोजून झालं की पुन्हा एकपासून. दुसऱ्यांदा बटणाला बोट लावायचं नाही. एकदा कुकरच्या शिट्ट्यांत मला बेल ऐकू आली नाही, तर हा अर्धा तास उभा!

"दुसऱ्यांदा दाबायला बोटं झिजतात का रे शिऱ्या?"

"तू उठून येत असशील तर?"

"आणि येत नसले तर?"

"मग दोनदा दाबून काय उपयोग?"

माझा नातू म्हणायचा, "आजी, जस्ट गिव्ह हिम अ की." पण किल्ली द्यायची राहूनच गेली. बोलायचंही राहून गेलं. एका शुक्रवारी मी धीर करून म्हटलं, "शिऱ्या, तेव्हा त्या सहीचं मी..." त्याने थांबून माझ्याकडे पाहिलं. मोजत होता, मला ठाऊक आहे. मग म्हणाला, "ताई, चहा गार होतोय."

शेवटच्या शुक्रवारी बेल वाजली तेव्हा मी दाराशीच होते, कडीला हात लावलेला. आणि ह्या वयात मला खोडी सुचली. आज ह्याला दोनदा वाजवायला लावतेच! दारावरच्या भिंगाला डोळा लावला. तो उभा. ओठ हलत होते. पाच झाले, पुन्हा एकपासून. मी तोंडावर पदर दाबून हसत होते. मग त्याने मान वर केली आणि सरळ भिंगाकडे पाहिलं. आतून कोणी डोळा लावला की बाहेरून ते काळं दिसतं. बराच वेळ तो पाहत राहिला. मग वाकून त्याने डबा दाराशी ठेवला, भिंतीला धरून उठला आणि गेला. मी कडी काढेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. लगेच फोन केला.

"अगं, म्हटलं झोपली असशील," तो म्हणाला.

"झोपलेच होते," मी म्हटलं.

हेच आमचं शेवटचं बोलणं. दोघंही खोटं बोललो. मी आहे, मला ऐकू येतंय, मला कळतंय, आणि तरी मी उघडत नाहीये, एवढं त्याला दिसलं होतं. त्याला ती थट्टा वाटली असेल का? की त्या सहीवरून आपण काही बोलू म्हणून ताई लपलीय, असं वाटलं असेल? विचारायला आता कोण आहे...

भिंगावर मी सुनेच्या पाकिटातली मोठी मरून रंगाची टिकली चिकटवून टाकली आहे. बेल वाजली की न बघता दार उघडते. लॉन्ड्रीवाला दचकतो, मुलगा ओरडतो, "आई, कोण आहे ते बघ तरी!" मी कोणाचं ऐकत नाही. शुक्रवारी साडेचारला बेल वाजत नाही. तरी मी गुडघे सांभाळत दाराशी जाते, कडी काढते, दार सताड उघडते आणि पाचपर्यंत मोजते. मग पुन्हा एकपासून.