तळवलीच्या गिटारवरची तीट

एरवी मी इथे छाती फुगवून लिहितो. आज मान खाली घालून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी एका गिटारचे फोटो टाकले होते. एका जगप्रसिद्ध रॉक वादकाने आपली इलेक्ट्रिक गिटार स्वतःच कापून, ठोकून, रंगवून पार बदलून टाकली होती. तिची ही हाताने केलेली नक्कल. "चार महिने खपून बनवली," असं मी लिहिलं आणि तुम्ही कौतुकाचा पाऊस पाडलात. साफ खोटं होतं ते. गिटार एका मित्राकडून विकत घेतली होती. माझी कारागिरी एवढीच, की मी तारा बदलल्या.

गेल्या महिन्यात कामोठ्याच्या एका वाचकाने "मलाही तशीच बनवून द्या" म्हणून गळ घातली. जित्याची खोड! मी हो म्हणून बसलो. मग मित्राच्या मागे लागून मूळ कारागिराचा पत्ता काढला: तळवली, नवी मुंबई. गुपचूप दुसरी करवून घ्यायची आणि आपली म्हणून खपवायची, असा बेत.

शनिवारी सकाळी सहाला बाईकने पुणं सोडलं. दुचाकीला एक्स्प्रेसवे बंद, त्यामुळे जुना हायवे धरा. घाटात ट्रकांच्या मागे रांगावं लागतं, घाई असेल तर या फंदात पडू नका. खोपोलीत दोन वडापाव आणि कटिंग, पन्नासेक रुपयांत पोटाची सोय झाली. पनवेल, कळंबोली, मग सायन-पनवेल हायवेने तुर्भ्यापर्यंत आणि तिथून ठाणे-बेलापूर रस्ता. घणसोलीच्या आसपास काचेच्या उंच कंपन्या लागतात आणि त्यांच्या शेजारीच जुनं तळवली गाव. गाडी बाहेर लावून चालत जा. गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की अर्धा तास गेलाच.

कारागीर जनार्दनकाका साठीचे, अंगाने काटक. तीन मजली घर, वर भाडेकरू, खाली त्यांचं वर्कशॉप. उभा जन्म हळदीच्या कार्यक्रमांत वाजणारे बँजो बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला. मग एका भाडेकरूने मोबाईलवर त्या वादकाचा व्हिडिओ दाखवला आणि काका वेडे झाले. आता वर्षाला दोन-तीन नकला करतात.

"जुन्या दरवाज्याचा साग हाय यो," फळीवर हात फिरवत ते म्हणाले. "त्यानं मिलालं ते वापरलं, मंग आमी पन मिलंल ते वापरतो."

काकी चहा घेऊन आल्या. मी तयार गिटार उलटी करून बघत होतो. मानेच्या मुळाशी, मागच्या बाजूला एक काळा ठिपका होता. माझ्या घरच्या गिटारवर आहे, अगदी तसाच.

"ती तीट हाय," काकी म्हणाल्या. "तान्ह्या पोराला लावतो ना, तशी. मी बोटानं काजल लावते, वरून हे वार्निश मारतात. येवढी देखनी वस्तू, नजर नको लागाया."

माझा चहा तसाच राहिला. कारण त्या ठिपक्यावर मी ब्लॉगमध्ये अख्खा परिच्छेद झाडला होता: वादकाने तिथे जळती सिगारेट टेकवली होती, तो डाग मी मुद्दाम हुबेहूब उतरवला! शुद्ध थाप. ठिपका कसला ते ठाऊक नव्हतं, म्हणून गोष्ट रचली.

तेवढ्यात काकांनी खिशातून फोन काढला. लेकीने शोधून दिलेलं काहीतरी दाखवायचं होतं. माझाच ब्लॉग.

"पुन्याच्या कोना मानसानं बनवलीय बगा. माझ्यापरीस सफाई हाय. नि काय लिवलंय ठाव हाय? त्या गोऱ्याच्या गिटारवर पन तितंच काला डाग व्हता! आमची ही शालेत नाय गेली, पन तिचं बोट बरोब्बर तितंच गेलं. अंगावर काटा आला साएब. सगल्या गावाला सांगितलं मी."

काकींनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. "ह्यं माझंच बोट हाय."

"गप गो! लिवनारा मानूस खोटं कशाला लिवल?"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोललो. ऑर्डरही दिली नाही, उशीर होतोय म्हणालो आणि उठलो. परतीचा घाट कसा चढलो ते आठवत नाही. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर कामोठ्याच्या वाचकाला खरं काय ते कळवलं. जुनी पोस्ट काढली. हे सगळं लिहून झालं, तेव्हा वाटलं, ही माणसं हे माझ्या तोंडून ऐकायच्या आधी ब्लॉगवर वाचणार? म्हणून मित्राकडून नंबर घेऊन फोन लावला. काकींनी उचलला.

"काकी, ते बोट तुमचंच होतं. तो पुण्याचा माणूस मीच."

"मना तवाच कललं. तुमी च्या पन पिला नाय." मग म्हणाल्या, "ह्यांना तुमीच सांगा. मी नाय सांगनार."

काका फोनवर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांचं काम मी माझं म्हणून मिरवलं, त्याबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत.

"मंग त्याच्या गिटारवर," त्यांनी विचारलं, "तितं काय नाय?"

"नाही काका. तिथे काही नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.