एकोणीस ओळी

"आक्का, कागद भिजलाय की! आता थांबायचं म्हंजे कसं?"

छापखान्याचे मालक अण्णा माझ्यावर जवळजवळ ओरडलेच. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा हाताच्या प्रेसवर छापायचं तर कागद आदल्या दिवशी ओला करून दाबून ठेवत, म्हणजे शाई नीट धरायची. ओला कागद तसाच राहिला तर बुरशी येते, मग तो कुणाच्याच कामाचा नाही. आणि मी सकाळी सकाळी जाऊन म्हणत होते, छापू नका.

महाराजांच्या राज्यातली ही गोष्ट. कोल्हापुरात बाईमाणसानं पुस्तक लिहिणं हेच नवल, त्यातून स्वतः उभं राहून छापून घेणं म्हणजे विचारूच नका. मी शाळा पाहिलेली नाही. थोरला भाऊ धडे घोकायचा, त्याच्या बोटाकडं बघत शिकले. पुढं वाचायचा नाद लागला आणि त्यातूनच लिहायचा. घरातलं, गल्लीतलं, रोजचं दिसेल ते लिहीत गेले. त्याचंच हे पुस्तक.

मला जागं केलं इमामभाईंनी. ते त्याच प्रेसचे कंपोझिटर. शिशाचं एकेक अक्षर, त्याला खिळा म्हणतात, ते वेचून ओळी जुळवायचं त्यांचं काम. मजकूर त्यांच्याइतका सावकाश कुणीच वाचत नाही, लिहिणारीसुद्धा नाही. राहायचे आमच्याच गल्लीत. त्या दिवशी कामावर जाता जाता दारात थांबले.

"आक्का, एकविसाव्या पानावरली बाई आपली चंद्राच न्हवं?"

"नाव कुठं घातलंय मी?"

"नाव कशाला पायजे? नवरा गगनबावड्याच्या नाक्यावर नोकरीला, घरात दीर, परातीत पिठावर अक्षरं गिरवत्या. गल्लीत अशा धा हायत काय?"

चंद्रा माझी शेजारीण. (हे नाव तिनंच निवडलंय. तिचा दीर आता राहिला नाही आणि ती स्वतःच "आता लिवा" म्हणाली, म्हणून लिहिते.) पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला घरी यायला जमायचं नाही, पत्रं यायची. ती दीर मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि कोनाड्यात टाकायचा. वाचताना काही गाळतोय अशी हिला शंका. म्हणून दुपारी माझ्याकडं धान्य निवडायच्या निमित्तानं यायची आणि अक्षरं शिकायची. वर्षभरानं कोनाड्यातलं जुनं पत्र तिनं स्वतः वाचलं. नवऱ्यानं लिहिलं होतं, 'तिची आई आजारी आहे, तिला चार दिवस हातकणंगल्याला धाड.' दिरानं ती ओळ कधी वाचलीच नव्हती.

तिला वाचता येतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर पत्रं कुलपात गेली असती. आणि दीर रोज वाचनालयात बसणारा! पुस्तकाची पहिली प्रत मी तिथंच देणार होते.

तरी खरं सांगते, ते पान काढावंसं वाटेना. सगळ्या पुस्तकात तेच चांगलं उतरलं होतं.

अण्णांना विचारलं, "तेवढाच मजकूर काढला तर?"

"भोक पडंल. आठ पानांचा फर्मा हाय, लोखंडी चौकटीत आवळून बसवलाय. मधलं काढलं तर पुढचं समदं सरकवाय पायजे."

इमामभाई हळूच म्हणाले, "एकोणीस ओळी हायत. तेवढ्याच दुसऱ्या द्या, बसवतो. वीस न्हाय, अठरा न्हाय."

"आधी तिला विचारून येते."

"विचारा, विचारा!" अण्णा म्हणाले. "सोयरीकच जुळवाय निघाल्यागत! दुपारपतूर थांबतो. म्होरं मी हाय आन् माझी प्रेस हाय."

प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेला छापील कागद, पदराखाली घेऊन गेले. दीर कचेरीत गेला होता. चंद्रा चुलीपुढं होती. हात पुसून तिनं कागद घेतला आणि ओळीखाली बोट सरकवत वाचू लागली. भाकरी करपली तरी मान वर केली नाही.

"हे माझंच हाय."

"व्हय."

"लई चांगलं लिवलंय." मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं चुकलंय. 'पत्र वाचून तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.' मी कुठं रडले? मला राग आलता, आक्का."

रडणारी बाई वाचणाऱ्याला आवडते, म्हणून मीच तिला रडवलं होतं. ज्या ओळीवर मी खूश होते, तीच खोटी.

"मग राग आला असं घालू?"

"ऱ्हाऊ दे. काढाच." कागद तिनं सरळ चुलीत सारला. "त्यांची बदली व्हईस्तवर अजून दोन पावसाळं मला ती पत्रं वाचायची हायत."

परत येऊन प्रेसमधल्या स्टुलावर बसले. डोक्यात काहीच येईना. शेवटी लिंबाचं लोणचं उन्हात कसं मुरवावं ते लिहिलं. इमामभाईंनी जुळवून बघितलं.

"आक्का, एक ओळ कमी पडत्या."

"मग 'बरणीचं तोंड स्वच्छ फडक्यानं घट्ट बांधावं' असं घाला."

"आता बसलं!"

पुस्तक निघालं. दिरानं वाचनालयात बसून ते पुरतं वाचलं आणि घरी येऊन म्हणाला, "बाईनं लोणच्याचं तेवढं बरं लिवलंय." हे सांगताना चंद्रा हसून हसून भिंतीला टेकली. पत्रं कोनाड्यातच पडत राहिली आणि ती वाचत राहिली.

नाव गाळलं की माणूस झाकला जातो, असं मी समजत होते. तसं नसतं. आता ज्याच्या घरातलं लिहिते, त्याला आधी वाचून दाखवते. निम्मे लोक "काढा" म्हणतात. माझी पुस्तकं त्यामुळं जरा बारीक झालीत.